तीन नंबर

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागच्या गल्लीत
हिराजी मढवीनं बॉनेट उघडलं
आणि मी वही उघडली.
एकसष्टाव्या वर्षी शिकायचं तर लिहूनच.

"बाई, आधी ऐका. मग लिवा."
भाच्याकडून घेतलेली जुनी गाडी
जागच्या जागी थरथरत होती,
चौथ्या पायरीला दर वेळी ठेचकाळणाऱ्या माणसासारखी.
"मिसिंग मारते."

मी लिहिलं: मिसिंग.
शब्दापुढे लिंग लिहायची सवय,
कोपरखैरण्याच्या शाळेत चौतीस वर्षं हेच केलं.
क्लच तो. बॅटरी ती. इंजिन ते.
गॅस्केट?
"गेलं."
म्हणजे ते.
रेडिएटर?
"गळतोय."
व्याकरण त्याच्या तोंडात पक्कं होतं,
फक्त उदाहरणं सगळी बिघाडाची.

सिलिंडर चार, त्यानं बेल्टच्या बाजूनं
काळ्या बोटानं मोजून दाखवले.
प्रत्येकात एक पिस्टन, वर-खाली, वर-खाली,
आणि चार क्रियापदं:
घेणे. दाबणे. पेटणे. सोडणे.
"यातलं काम कुठलं?" मी तोंडी परीक्षेसारखं विचारलं.
"पेटनं. तेवढंच. बाकी तीन वेला
तो दुसऱ्यांच्या जोरावर फिरतो."
हे तर आमच्या स्टाफरूमसारखं, मी म्हणाले.
तो हसला नाही.

मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं,
म्हणजे इंजिन हे गाडीचं काळीज.
"काळीज-बिळीज काय नाय. हवा, पेट्रोल, ठिणगी.
यातलं एक नसलं की ढकलत घरी."
मी काळीज खोडलं.

आणि त्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली.
चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपटायची, परत लावायची.
एक नंबर: इंजिन कण्हलं. हजर.
दोन नंबर: कण्हलं. हजर.
तीन नंबर:
तोच आवाज. तीच थरथर.
"बगा. याला काढला तरी गाडीला कलत नाय.
हाच गैरहजर."

पेन तसंच धरून राहिले.
नववी ब, भिंतीकडचा तिसरा बाक, दर्शना वास्कर.
गणपतीनंतर आलीच नाही.
तिच्या नावापुढे मी दिवाळीपर्यंत नुसत्या रेघा ओढल्या,
आणि वर्गाच्या गलक्यात
तसूभर फरक पडला नव्हता.

अफरोजनं प्लग चिंधीत धरून दाखवला.
टोकाला काजळी, जुन्या चिमणीसारखी.
"मेला नाही मॅडम, मळलाय,"
म्हणत त्यानं तारेचा ब्रश घेतला.
वयानं तो नववीतलाच असावा.
मी विचारलं नाही.
बिलही त्यानंच लिहिलं:
किलच केबल १, कुलन १ लिटर, पलक साफ.
लाल पेन पर्समध्ये होतं.
पर्समध्येच राहिलं.

निघताना हिराजी म्हणाला,
बीएचपी जाहिरातीत वाचायचा,
टॉर्क चढावर कलतो.
म्हणून घरी न जाता बेलापूरला गेले,
पारसिकच्या टेकडीवर गाडी घातली. दुसरा गिअर.
अर्ध्या चढावर आडवं कुत्रं आलं, ब्रेक मारला,
सगळं बंद.
हँडब्रेक. चावी. हाफ क्लच,
या शब्दाला वहीत मी अर्थच लिहिला नव्हता.
गाडी वीतभर मागे सरकली,
जळका वास आला,
आणि मग खालून कुणीतरी धरल्यासारखी थांबली, उचलली गेली.

टॉर्क. तो.

काच खाली करून मी कान दिला:
एक, दोन,
मागून पाण्याच्या टँकरनं हॉर्न मारला.